“दीडशेत एक जिंकतो, बाकीचे रिकाम्या हाताने घरी”

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या ग्रुपांवर आठवडाभर एक संदेश फिरतोय. मजकूर असा: “सायकल शर्यतीत करिअर करायचं तर दहाव्या वर्षी सुरुवात हवी. तिशीत सगळं संपतं. दीडशेत एक जिंकतो, बाकीचे रिकाम्या हाताने घरी. आणि जिंकणारे सगळे औषधं घेणारे.” माझी भाची एकोणीस वर्षांची आहे, रोज पहाटे सुपर कॉरिडॉरवर सायकल चालवते. दाजींनी हा संदेश तिलाच वाचून दाखवला आणि ती दोन दिवस घरात बसून राहिली. म्हणून हे लिहिते आहे.

आधी वयाचं. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच 2007 मध्ये स्की-जंपिंगमधला ज्युनियर सांघिक जगज्जेता होता. सायकल शर्यतींकडे तो विशी ओलांडल्यावर वळला, आणि पुढे त्याने चार वेळा वुएल्ता ही स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत, एकदा जीरो ही तशीच इटलीची शर्यत आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचं, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लढायच्या शर्यतीचं, सुवर्ण मिळवलं. कॅनडाचा मायकेल वुड्स आधी धावपटू होता. 2023 मध्ये प्वी द दोमच्या चढावर त्याने टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीतला एका दिवसाचा टप्पा जिंकला, तेव्हा तो 36 वर्षांचा होता. दोघांचंही शरीर लहानपणापासून खेळात मुरलेलं होतं, हे खरं. पण आमची मुलगीसुद्धा शाळेपासून खो-खो खेळत आली आहे.

तिशीचं तर बोलूच नये. ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशने टूरमधला विक्रमी 35वा टप्पा 2024 मध्ये वयाच्या 39व्या वर्षी जिंकला. अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँगने रिओला तिसरं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं तेव्हा ती 42 वर्षांची होती.

“बाकीचे रिकाम्या हाताने” हे वाक्य मला सर्वात जास्त लागलं, कारण ते लिहिणाऱ्याला हा खेळच कळलेला नाही. टूरमध्ये प्रत्येक संघाचे आठ जण असतात आणि बहुतेकांचं काम स्वतः जिंकणं नसतंच. मागच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, म्होरक्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याचं चाक पंक्चर झालं तर वेळ पडल्यास आपलं द्यायचं. दुसऱ्याच्या आडोशाने चालवलं की तीस टक्क्यांच्या आसपास ताकद वाचते. ती वाचलेली ताकद शेवटच्या घाटात उपयोगी पडते. अशा सायकलपटूला फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तीक’ म्हणतात, म्हणजे घरगडी. नाव हलकं आहे, काम नाही. या कामाचा त्याला करारानुसार पगार मिळतो. टूर जिंकणाऱ्याचं 5 लाख युरोंचं बक्षीसही संघात वाटून घ्यायची रीत आहे.

अमेरिकेचा सेप कुस हा असाच गडी. 2023 मध्ये त्याच्या मदतीने त्याच्याच संघातला रोग्लिच जीरो जिंकला, संघातलाच डेन्मार्कचा विंगेगार्ड टूर जिंकला आणि त्याच वर्षी वुएल्ता कुसने स्वतः जिंकली. त्या वुएल्तात दुसरा आला विंगेगार्ड, तिसरा रोग्लिच. दीडशेतला हा नेमका कितवा, ते संदेश लिहिणाऱ्याने सांगावं.

ताकद वाढवणाऱ्या, बंदी असलेल्या औषधांचा डाग मात्र मी नाकारत नाही. अमेरिकेच्याच लान्स आर्मस्ट्राँगची सातही टूर विजेतेपदं 2012 मध्ये काढून घेतली, आणि ती एकट्याची गोष्ट नव्हती. त्याआधी 2008 पासूनच प्रत्येकाच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारा जैविक पासपोर्ट सुरू झाला होता. तरी चोऱ्या होत असतील. पण त्यावरून “सगळे” म्हणणं म्हणजे प्रामाणिकपणे घाम गाळणाऱ्यालाही चोर ठरवणं आहे.

दाजी, पोरीची खरी अडचण त्या संदेशात नाहीच. सुपर कॉरिडॉर सपाट आहे आणि ती एकटी चालवते. शंभर जणांच्या घोळक्यात, पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर, वळणावर ब्रेक न दाबता कसं राहायचं हे एकटीला शिकता येत नाही. त्यासाठी तिला शर्यती हव्यात, बाहेरगावी जायचा खर्च हवा, आणि सिमरोलच्या भैरव घाटात तिच्या मागे गाडी घेऊन येणारं कुणीतरी हवं. येत्या रविवारी गाडी मी काढते. तुम्ही बाटल्या भरून ठेवा.