बिल्ला नंबर

काल उपाशीपोटी रक्त द्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं मोबाईल नंबर विचारला, टाइप केला आणि म्हणाली, "मॅडम कुठंयत?"

"कुठल्या मॅडम?"

"इथं 62 वर्षांच्या मॅडम दाखवतंय."

बंद पडलेला नंबर 90 दिवसांनी दुसऱ्याला देता येतो. या आधीच्या मालकीणबाई असणार. म्हटलं, माझी नवीन नोंद करा.

"होत नाही सर. नंबर म्हणजेच पेशंट."

आता पोटासाठी मी पोरांना डेटाबेसच शिकवतो. तक्ता, त्यात माणसामागे एक ओळ, आणि प्रत्येक ओळीला अशी एक खूण जी दुसऱ्या कुणाची नसते, कधी बदलत नाही: प्रायमरी की. तिथंही शिकवलं. मुलीनं पुढचं टोकन पुकारलं.

मागच्या बाकावरून एक धोतरवाले आजोबा मदतीला धावले. "सरांचं बरोबर हाय की! आमच्या गिरणीत येका खात्यात पाच सिद्धाराम." सिद्धेश्वराच्या गावात हे कमीच म्हणायचे. "पगाराला हाक मारली की पाची उठायचे. मग बिल्ला नंबर दिला. पितळंचा."

मला भरून आलं. 1970 साली एडगर कॉडनं आयबीएममध्ये बसून तक्त्यांचं शास्त्र मांडलं. आमच्या सोलापुरी गिरणीत ते पितळेवर ठोकलेलं! "ऐका," मी मुलीला म्हणालो. "आणि आजोबा, माणूस रिटायर झाला की बिल्ला बाद ना?"

"छ्या! बाद कशाला? पोराला. मला बापाचाच मिळाला. मुकादम मला 10 वर्षं बापाच्या नावानं शिव्या घालायचा. मी घेतल्या की ओ ऐकून! तुम्ही बी घ्या. बाई काय, बुवा काय, रक्त लालच."

अख्खी रांग हसली. मीही हसलो, पण रक्त बाईच्याच नावानं गेलं. रेशन असो, गॅस असो, नोंद चुकवणार ते आणि आधारची झेरॉक्स घेऊन उन्हात पळणार आपण. वर 'सिस्टीममध्ये तसंच आहे' हे ब्रह्मवाक्य. अहो, सिस्टीममध्ये ते घातलं कुणी?

संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 12.4, शेजारी 'नॉर्मल'. बायकांना 12 पुरतं, पुरुषाला 13 लागतं. म्हणजे बाई म्हणून मी ठणठणीत. तडक फोन लावला.

"सर," तीच मुलगी म्हणाली, "रिपोर्टचं आम्ही फक्त पेशंटशी बोलतो. मॅडमना फोन द्या."