पिष्टत्यागाची पूर्वतयारी

मराठी ताटाची रचना पूर्वजांनी फार विचारपूर्वक केली आहे. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. मध्ये पोळी आणि वरणभाताची मूद. डावी बाजू तोंडी लावण्यापुरती आणि पोट भरायचे ते मधल्या ऐवजाने, असा सरळ हिशेब आहे. रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारे माझे एचबीए१सी ६.१ निघाले, म्हणजे ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व पट्ट्याच्या साधारण मध्यावर, तेव्हा डॉक्टरांनी फक्त ‘पिष्टमय पदार्थ कमी करा’ एवढेच सांगितले. परंतु घरी येऊन ताट डोळ्यांपुढे आणले असता लक्षात आले की, यापुढे डाव्या बाजूवर जेवावे लागणार आहे.

उभा जन्म बँकेत गेल्यामुळे कागदपत्रे पाहिल्याशिवाय मी कोणत्याही प्रकरणाला मंजुरी देत नाही, म्हणून प्रथम अभ्यास केला. या मार्गाचा आद्य प्रचारक विल्यम बँटिंग हा लंडनचा गृहस्थ, राजघराण्यातील अंत्यविधींची व्यवस्था पाहणारा. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडले, तो बारीक झाला आणि १८६३ मध्ये त्याने स्वखर्चाने पुस्तिका छापून ही वार्ता जगाला कळवली. त्याचे कौतुक आहेच, पण त्याच्या ताटात मांस आणि मासे मुबलक होते आणि घरात सासूबाई नव्हत्या, हेही नोंदवून ठेवायला हवे. आमच्याकडे अंडे आणायचे तर त्यासाठी वेगळा तवा, वेगळे उलथने आणि बहुधा वेगळी सदनिका घ्यावी लागेल.

नंतर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणला आणि घरातल्या प्रत्येक जिन्नसाची चौकशी सुरू केली. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे वीस ग्रॅम कर्बोदके असतात. केटो नावाच्या कडक पंथात दिवसाची मर्यादा वीस ते पन्नास ग्रॅम असते. म्हणजे मवाळातला मवाळ साधक धरला तरी अडीच पोळ्यांत त्याचा दिवस संपतो, आणि त्यासुद्धा कोरड्या खायच्या, कारण भाजीची कर्बोदके वेगळी मोजायची. “मग भाकरी खा, हलकी असते,” असे सासूबाईंनी सुचवले. मी तक्ता पुढे केला. ज्वारीचे पीठ आणि गव्हाचे पीठ या बाबतीत जवळपास एकाच माळेचे मणी आहेत, आणि आमच्या घरची भाकरी पोळीच्या दुप्पट जाडीची असते. सासूबाईंनी तक्ता चष्मा लावून वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, “हे कोणी शहरातल्या माणसाने लिहिलंय.”

खरा धक्का उपासाने दिला. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमच्या वर कर्बोदके निघाली. म्हणजे तो जवळजवळ शुद्ध पिष्टच. त्याच्यामागे बटाटा, रताळे आणि वरई रांगेत उभी होतीच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण करणाऱ्याकडे वजनकाटा नसूनही त्याला हे सारे समजले होते. त्यातल्या त्यात शेंगदाण्याने लाज राखली: शंभर ग्रॅमला सोळा ग्रॅम, आणि त्यातही निम्मे तंतू. तेव्हा खिचडीच्या खटल्यात कूट निर्दोष सुटले, साबुदाणा मात्र आत गेला.

एवढे होईपर्यंत ठीक होते. पण आमच्याकडे वर्षाचे धान्य नुकतेच भरून झाले होते. मे महिन्याच्या उन्हात वाळवलेला, एरंडेल चोळलेला लोकवन गहू एका कोठीत, कडुनिंबाचा पाला घातलेला इंद्रायणी तांदूळ दुसऱ्या कोठीत, आणि दोन्ही कोठ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. एरंडेल चोळताना सासूबाईंच्या बरोबरीने माझेही हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. रोज सकाळी पीठ काढायला कोठीचे झाकण उघडले की तो गहू माझ्याकडे, हप्ते थकवणाऱ्या कर्जदाराकडे आम्ही बँकेत पाहत असू तसा, पाहू लागला. “निदान हा गहू संपेपर्यंत थांब,” असे आमचे हे म्हणाले. ते त्यांनी काळजीपोटी म्हटले की पोळ्यांच्या काळजीपोटी, याची मी चौकशी केली नाही.

पर्यायांची खरेदीही झाली. बदामाच्या पिठाचा भाव ऐकून मी दुकानातल्या खुर्चीवर बसले आणि पनीर घेऊन उठले. फ्लॉवर किसून त्याचा भात करतात असे कळल्यावर तोही केला; जिरे-मिरचीची फोडणी दिली, वर खोबरे-कोथिंबीर पेरली आणि मूद पाडून वाढला. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि प्रसन्नपणे म्हणाल्या, “भाजी छान झालीये. भात लावला नाहीस का आज?”

उरला मुहूर्ताचा प्रश्न. दोनदाच जेवा असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि थोड्या थोड्या वेळाने खात राहा असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या मतांवरून महाराष्ट्रातल्या घराघरांत वाद रंगले, पण सुरुवात नेमकी कधी करावी यावर कोणी बोलले नाही. मी दिनदर्शिका उघडली. वटपौर्णिमा, आषाढी, मग श्रावणातले पुरण, गणपतीचे उकडीचे मोदक, पितृपक्षातली खीर, दसऱ्याचे श्रीखंड आणि पाठोपाठ फराळ. ज्या पानावर सण नव्हता त्या पानावर कोणाचे तरी लग्न होते. शेवटी मन घट्ट करून येणाऱ्या सोमवारवर खूण केली.

ती खूण सासूबाईंनी पाहिली आणि दुपारभर फोन चालला. “सोमवारपासून हिचं जेवण बंद होतंय,” ही बातमी नातेवाइकांत अशा सुरात पसरली की, लग्न ठरलेल्या मुलीला करतात तसे माझे केळवण करण्याची अहमहमिका लागली. शुक्रवारी मावससासूबाईंकडे पुरणपोळी, शनिवारी शेजारी अळूवडी आणि मसालेभात. इतक्यांना रविवार एकच पुरणार नाही म्हणून सोमवारची खूण एक आठवडा पुढे सरकवावी लागली. नणंदबाईंनी फोन केला तेव्हा बिचाऱ्या फार संकोचल्या होत्या. “वहिनी, मी जिलबी-मठ्ठा ठरवलाय, पण तुझ्यासाठी काही वेगळं करू का?”

“छे हो,” मी म्हणाले, “अजून सुरू कुठे झालंय!”