दोन टकरींचा 'दडपलेला' कण

'सर्नला दोन टकरींत ८ टीईव्हीचा नवा कण ३.९ सिग्मा खात्रीने सापडला, पण तो दडपला गेला. ९९ टक्के टकरींची नोंद तर ते फेकूनच देतात. आणि जेट म्हणजे निव्वळ मोडतोड, तिच्यातून कण ओळखताच येत नाही', असा संदेश सध्या फिरतो आहे. (सर्न ही जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा; तिथे प्रोटॉन एकमेकांवर आदळवतात. टीईव्ही हे कणांची ऊर्जा व वस्तुमान मोजायचे एकक, सिग्मा हे निकाल निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचे माप, आणि जेट म्हणजे टकरीतून एका दिशेने निघालेला कणांचा झोत.) बारावीतल्या माझ्या भाचीनेही तो पाठवून "मामा, हे खरं आहे का?" असे विचारले, म्हणून हा खटाटोप.

दडपल्याचा आरोप सर्वांत हास्यास्पद आहे. या दोन टकरी जगाला कळल्या त्या सर्नच्याच सीएमएस प्रयोगाने २०२२ मध्ये स्वतःच खुल्या केलेल्या शोधनिबंधातून. प्रत्येक टकरीतून निघालेल्या चार जेटचे मिळून वस्तुमान सुमारे ८ टीईव्ही भरते, आणि जेटच्या दोन जोड्या लावल्या की प्रत्येक जोडीचे सुमारे १.९ टीईव्ही, म्हणजे एका जड कणाचे दोन सारखे कण झाले आणि त्या प्रत्येकाचे दोन जेट, असे चित्र उभे राहते. चित्र मोहक आहे, हे खरे. परंतु ३.९ सिग्मा हा आकडा फक्त त्या एका जागेपुरता आहे. वस्तुमानांच्या कितीतरी जोड्या तपासल्यावर कुठे ना कुठे अपेक्षेहून जास्त टकरींचा असा उंचवटा योगायोगाने दिसणारच, ही शक्यता धरली की १.६ सिग्माच उरतात. असा योगायोग साधारण अठरांत एकदा घडतो. शोध जाहीर करायला ५ सिग्मा लागतात. ३.९ आणि १.६ हे दोन्ही आकडे निबंधाच्या सारांशात एकाच वाक्यात आहेत. संदेश लिहिणाऱ्याने त्यातला सोयीचा तेवढा उचलला. १९९५ मध्ये सर्नच्याच लेप या जुन्या टक्कर-यंत्रावर ॲलेफ प्रयोगालाही चार जेटच्या घटना (म्हणजे टकरी) अपेक्षेहून जास्त दिसल्या होत्या. शेजारच्या तिन्ही प्रयोगांना त्या दिसल्या नाहीत आणि अधिक टकरी जमल्यावर तो उंचवटा विरला.

नोंदी फेकल्या जातात, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. संदेशातला आकडा उलट कमीच आहे. प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांना छेदतात आणि त्यातून साठवल्या जातात त्या हजारांच्या घरातल्या घटना. हलक्या कणापासून निघालेले कमी ऊर्जेचे जेट या चाळणीत हरवू शकतात, आणि म्हणूनच सीएमएस काही घटनांचा तपशील आटोपशीर ठेवून त्या जास्त संख्येने साठवते. पण ८ टीईव्हीच्या घटना नेमक्या राखल्या जाव्यात यासाठीच तर ती चाळणी आहे.

उरला मोडतोडीचा मुद्दा. प्रोटॉन ज्यांचा बनतो तो क्वार्क सुटा राहू शकत नाही, त्याच्यापासून कणांचा झोत बनतो आणि त्या झोताची ऊर्जा व दिशा मोजून मूळ कणाचे वस्तुमान काढता येते. सर्नच्याच यूए२ प्रयोगाने डब्ल्यू आणि झेड या जड कणांची खूण दोन जेटमध्ये १९८० च्या दशकातच पाहिली होती, आणि टॉप क्वार्क या सर्वांत जड क्वार्कची जोडी सहा जेटमध्ये फुटताना अमेरिकेतल्या टेव्हाट्रॉन यंत्रावर त्यानंतरच्या दशकात दिसली.