‘हायवे टच’ म्हणजे नक्की काय?

भाच्याने परवा व्हॉट्सअॅपवर एका प्लॉटची जाहिरात पाठवली. ‘हायवे टच, पिंपळगाव बसवंतपासून पाच मिनिटं, उद्योगासाठी सुवर्णसंधी.’ खाली प्रश्न: मामा, घेऊ का? त्याला द्राक्षाच्या पॅकिंगसाठी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना टाकायचाय.

मी वीस-बावीस वर्षं याच हायवेवर, म्हणजे नाशिकच्या पुढे मुंबई-आग्रा रस्त्यावर, गाड्या भरतोय. (आमच्या धंद्याला जुनी माणसं हुंडेकरी म्हणतात, नवीन पोरं कार्डावर ‘लॉजिस्टिक्स’ छापतात. काम तेच, दिवसभर फोन करायचे आणि दोन्हीकडून शिव्या खायच्या.) तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण ‘हायवे टच’च्या नादाने सध्या बरेच जण पैसे अडकवतायत.

रस्ता गावाला टेकून गेला म्हणून धंदा होत नाही. गाडी थांबली पाहिजे.

लासलगावला रेल्वे स्टेशन आहे, कांद्याचं नाव देशभर तिकडे झालं. आमच्या पिंपळगावात रेल्वे नाही. आमच्याकडे मुंबई-आग्रा रस्ता, त्याला येऊन मिळणारा वणी-सापुताऱ्याचा रस्ता, आणि दुसऱ्या अंगाने निफाड-लासलगावचा. तेवढ्या भांडवलावर इथलं टोमॅटो मार्केट उभं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारनंतर जोपूळ रोडला येऊन बघा. वीस-वीस किलोच्या कॅरेटांनी भरलेले पिकअप, मधूनच एखादा ट्रॅक्टर, आणि दिल्ली, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश पासिंगच्या गाड्या.

त्या लांबच्या गाड्या आल्या कुठून? टोमॅटोसाठी दिल्लीहून इथवर खाली कोण येतं? कोणीच नाही. ती गाडी तिकडून माल घेऊन भिवंडीला नाहीतर न्हावाशेवा बंदराला आलेली असते. माल उतरला, आता घरी जायचंय. रिकामी गेली तर डिझेल आणि टोल मालकाच्या खिशातून. वाटेत पिंपळगाव लागतं, तिथे माल तयार आहे, हमाल आहे, काटा आहे, रात्री जेवायला ढाबा आहे. मग ड्रायव्हर पडेल त्या भाड्याला तयार होतो. याला आम्ही रिटर्न गाडी म्हणतो. आमच्या शेतकऱ्याचा टोमॅटो दिल्लीच्या मंडईत टिकतो तो या रिटर्न भाड्यावर. तीच गाडी खास मागवा, भाड्याचा आकडा ऐकून व्यापारी बोलीच लावणार नाही.

मागच्या सीझनची एक संध्याकाळ सांगतो. ग्वाल्हेरकडचा एक ड्रायव्हर, गाडी आडोशाला लावून चहा पीत बसलेला. दीड तासात गाडी भरली. लांबची म्हणून नुसता रंग फुटायला लागलेला माल घेतला. लाल झालेला मुंबईच्या गाडीला. हमालांनी थर लावले, वारा खेळावा म्हणून ताडपत्री मागून उघडी ठेवली, रस्सी ओढली, बिल्टी (मालाची पावती) हातात दिली. अंधार पडायच्या आत गाडी चांदवडच्या दिशेने गेलीसुद्धा. त्याला चहा प्यायला गाडी लावता आली नसती, तर हा सौदाच झाला नसता.

आणि नेमकी हीच गोष्ट कोणाच्या डोक्यात नसते. रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा, सगळं मान्य. पण ट्रकला रात्रभर उभं राहायला जागा, ड्रायव्हरला संडास-बाथरूम, पंक्चरवाल्याला टपरी, हे म्हटलं की सगळे आकाशाकडे बघतात. गावाला ट्रक म्हणजे कटकट वाटते. अरे, तीच तर आपली रेल्वे आहे!

समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. नागपूर ते मुंबई एकूण 701 किलोमीटर, त्यातला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. मी त्याच्या विरोधात नाही, उलट आम्हाला फायदाच आहे. आमणे भिवंडी तालुक्यातच, गोदामांच्या शेजारी. तिथून गाडी चढली की जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट टाळून इगतपुरीला येते, आणि आग्र्याकडे जायचं तर तिथे उतरून परत आपल्याच रस्त्याला. पण ज्या गावांच्या शेतातून समृद्धी गेला आणि जवळ इंटरचेंज नाही, त्यांना काय मिळालं? गाड्यांचा आवाज. कुंपणापलीकडून हात केला म्हणून ट्रक थांबत नाही.

रस्त्याने सगळं सुटतं असंही नाही. 8 डिसेंबर 2023 ला कांदा निर्यातबंदी झाली तेव्हा हायवे होता तिथेच होता. असो, तो विषय काढला की माझं बीपी वाढतं.

तर भाच्याला सांगितलं, जाहिरात ठेव बाजूला. जागेवर जा, तेही द्राक्षाच्या सीझनमध्ये, संध्याकाळी. दहा टायरची गाडी सर्व्हिस रोडवरून गेटात एका दमात वळते का ते बघ. दुभाजकाला वळायला कट किंवा खालून अंडरपास किती लांब आहे ते मीटर लावून मोज. कागदाची रिळं घेऊन येणारी गाडी नाशिककडून येणार, खोकी जाणार दिंडोरी-निफाडच्या पॅकहाउसला, म्हणजे दोन्ही बाजूंना रोज जावं लागणार. कट लांब असला की तुझा पिकअपवाला पहिल्याच आठवड्यात राँग साइडने घुसणार. मग एक दिवस काय होतं ते या रस्त्यावर आम्ही पुष्कळदा बघितलंय.

काल रात्री त्याचा फोन आला. “मामा, प्लॉट भारी आहे, पण कट अडीच किलोमीटर पुढे.”

म्हटलं, मग भाव पाड, नाहीतर वणी रोडला बघ.

“एजंट म्हणतोय, पुढे कट होणार आहे.”

पंधरा वर्षांपूर्वी मलाही एका एजंटाने हेच सांगितलं होतं. त्या जागेत आता मका आहे.