झाडाला छळलं की गांजा कडक होतो?

इकडे कॅनडातल्या ऑंटॅरिओत मराठी मंडळींच्या फोनवर सध्या एक संदेश फिरतोय. गांजाच्या झाडाला शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत जितका त्रास द्याल तितकी नशा वाढते, असं त्याचं म्हणणं. खाली कृती दिली आहे: पाणी तोडा, कुंडीत बर्फ ओता, खोडात खिळा ठोका, यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावा, कापणीआधी तीन दिवस मिट्ट काळोखात ठेवा. आणि शेवटी खास आपल्या लोकांसाठी फोडणी घातली आहे, "आपले शेतकरी डाळिंबाला ताण देतातच की! तेच शास्त्र."

त्या फोडणीनेच मला लिहायला बसवलं. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या रानात मी वाढलो आणि ताण कशाला म्हणतात ते वडिलांच्या मागे फिरून शिकलो.

त्याआधी कायद्याचं बोलून घेतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि ऑंटॅरिओत एका घरात चार झाडं लावता येतात. शेजारच्या क्वेबेकात घरी एकही लावता येत नाही. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली लागवडीलाच दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तेव्हा हे वाचून तिकडं कुणी गच्चीवर प्रयोग मांडू नयेत.

"डाळिंबाला ताण देतात, तेच शास्त्र"

नाही. डाळिंबाला ताण देतात ते बहार धरण्यासाठी. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत चाळीस-पंचेचाळीस दिवस पाणी तोडायचं, मग इथ्रेल मारून पानगळ करायची, हलकी छाटणी, खत आणि मग पाणी सोडायचं. आंबे बहार असो, मृग असो की हस्त, हेतू एकच: झाडाची नुसती पालवी फुटणं थांबावं, काडीत अन्न साठावं आणि कळ्या एकदम निघाव्यात. डाळिंब गोड व्हावं म्हणून कुणी ताण देत नाही. उलट फळ धरल्यावर पाण्यात चढउतार झाला की फळ तडकतं, हे बागाईतदाराच्या घरातलं पोरही सांगेल.

गांजाला फुलावर यायला ताणाची गरजच नाही. त्याचं घड्याळ रात्रीच्या लांबीवर चालतं. खोलीत दिवा बारा तास चालू, बारा तास बंद केला की झाड फुलावर येतं. म्हणजे आपण ज्या कामासाठी ताण देतो ते काम तिथे दिव्याचं बटण करतं. आणि संदेशातला छळ सुरू होतो फुलं भरत आल्यावर. डाळिंबाच्या भाषेत सांगायचं तर फळ पोसण्याच्या दिवसांत पाणी तोडायचं. आमच्या वडिलांनी असा सल्ला देणाऱ्याला बांधावर उभं केलं नसतं.

"पाणी तोडलं की टीएचसी वाढतं, हे सिद्ध झालंय"

टीएचसी म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य. यात तथ्य आहे, म्हणून इथे जरा थांबू. २०१९ साली ग्वेल्फ विद्यापीठातल्या कॅप्लन, डिक्सन आणि झेंग यांनी हा प्रयोग केला. फुलोऱ्याच्या सातव्या आठवड्यात पाणी-खत थांबवलं, अकरा दिवस माती हळूहळू सुकू दिली आणि पानातलं पाण्याचं दडपण मोजत राहिले. ते उणे १.५ मेगापास्कलच्या आसपास गेल्यावर, म्हणजे झाड चांगलंच तहानल्यावर, पुन्हा पाणी दिलं. टीएचसीचं मूळ रूप असलेलं आम्ल १२ टक्क्यांनी वाढलं, सीबीडीचं, म्हणजे गांजातल्याच पण नशा न आणणाऱ्या द्रव्याचं, १३ टक्क्यांनी. तेवढ्याच जागेतून मिळालेलं टीएचसीचं आम्ल तर ४३ टक्क्यांनी जास्त भरलं. निकाल चांगला आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

पण तो कशाचा निकाल आहे ते बघा. जात एकच, टीएचसी आणि सीबीडी दोन्ही असलेली. ताण एकदाच, सावकाश आणि मोजूनमापून. संदेशात यातलं काय उरलं? "पाणी तोडा." किती दिवस, कुठल्या आठवड्यात, किती मोठ्या कुंडीत, काही नाही. झाडं वाढवायच्या तापलेल्या तंबूत कोकोपीटच्या छोट्या कुंडीतलं झाड अकरा दिवस थांबत नाही, फार लवकर माना टाकतं. सावकाश सुकणं आणि करपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्वेल्फच्या प्रयोगातही झाड सुकत असताना त्याचं अन्न तयार करणं मंदावलं होतंच. ते पाणी दिल्यावर सावरलं, कारण थांबायचं कुठे ते ठरलेलं होतं.

"माझ्या झाडाची टक्केवारी वाढली"

मला तरी सगळा घोळ इथे दिसतो. टक्केवारी म्हणजे भागाकार: वर टीएचसी, खाली मालाचं वजन. वरचा आकडा वाढला तरी टक्का वाढतो आणि खालचा घटला तरी वाढतो.

इस्रायलमध्ये सॅलोनर आणि बर्नस्टाईन यांनी नत्राचं गणित मांडलं, ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. लिटरमागे ३० मिलिग्रॅमपासून ३२० पर्यंत नत्र वाढवत नेलं तसं टीएचसीचं आम्ल ६९ टक्क्यांनी उतरलं. उपाशी झाड जास्त कडक निघालं! संदेशवाल्यांना हे सापडलं तर ते नाचतील. पण त्याच प्रयोगात उपाशी झाडाचा माल कमी भरला आणि उत्पन्न १६० मिलिग्रॅमपर्यंत वाढत गेलं. जादा युरियाने उसाचा उतारा घसरतो, हे आपल्याकडे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. जास्त खत घालू नका, हा यातून निघणारा सल्ला. उपाशी मारा, हा नव्हे.

"खिळा ठोका, बर्फ घाला, झाड घाबरतं आणि राळ सोडतं"

झाड घाबरत नाही. खिळा खोडातून पाणी वाहणाऱ्या नळ्या फोडतो आणि बुरशीला दार उघडून देतो. बर्फाने मुळं गारठतात आणि पाणी ओढणं मंदावतं. राळ जिथे तयार होते त्या ग्रंथी म्हणजे फुलांभोवतीच्या पानांवरचे बारीक, टोकाला गोळा असलेले केस. तिथे एका मूळ आम्लापासून टीएचसीचं आम्ल बनवायचं की सीबीडीचं, हे झाडात कुठलं विकर (एन्झाइम) आहे त्यावर ठरतं, आणि विकर बियाण्यातूनच येतं. बाहेरून खिळा मारून ते बदलत नाही.

याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २०२१ मध्ये सीबीडीसाठी लावलेल्या हेम्पवर, म्हणजे याच प्रजातीवर, शेतात पाच तऱ्हांचे ताण देऊन पाहिले. मुळाशी पाणी साचवलं, भुरी येऊ दिली, तणनाशक मारलं, झाडाला जखमा केल्या आणि इथेफॉन फवारलं. इथेफॉन म्हणजे आपलं इथ्रेल, तेच डाळिंबाचं. टीएचसी आणि सीबीडीचं एकमेकांशी प्रमाण ढळलं नाही, आणि ताणाने टीएचसी उसळलं असंही दिसलं नाही. त्यांचा निष्कर्ष: ठरवतात ते मुख्यतः जनुकं.

"यूव्ही दिवा लावा, उंच डोंगरावरचा माल म्हणूनच कडक असतो"

या समजुतीमागेही एक जुना आधार आहे. १९८७ मध्ये लिडन, टेरामुरा आणि कॉफमन यांना नशेच्या जातीत यूव्ही-बी वाढवत नेल्यावर टीएचसी वाढलेलं आढळलं होतं. चाळीस वर्षं दिवे विकणारे तोच कागद हलवत आलेत. मात्र २०२१ मध्ये ग्वेल्फच्याच रॉड्रिगेझ-मॉरिसन, लुएलिन आणि झेंग यांनी आजच्या जातींवर, बंद खोलीत, यूव्हीच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या. माल वाढला नाही, टीएचसी वाढलं नाही, पानं मात्र पिवळी पडून वळली. त्याच गटाने साधा प्रकाश वाढवला तेव्हा उत्पन्न सरळ रेषेत चढत गेलं आणि टक्का जागेवर राहिला. यूव्हीच्या पैशात चांगला एलईडी येतो. शिवाय यूव्ही-बी डोळ्यांना आणि कातडीला घातक, याचा संदेशात उल्लेखही नाही.

काळोखाचं फार बोलायला नको. राळेला कर्ब लागतो, आणि तो हवेतून कमवायला झाडाला प्रकाश लागतो. तीन दिवस दिवा बंद केल्याने झाड कमावत नाही, साठ्यातलं खातं. आणि घट्ट भरलेल्या कळ्या दमट अंधारात कोंडल्या की करड्या बुरशीला आमंत्रणच.

जे संदेशात नाही

गांजाच्या मादी झाडाला फार त्रास झाला की ते नर फुलं काढू लागतं. अंधाराच्या वेळेत तंबूच्या फटीतून आलेला प्रकाश, उष्णता, मोडतोड, काहीही निमित्त पुरतं. मग परागण होतं, बी धरतं आणि झाड आपली शक्ती राळेऐवजी बियांत घालतं. चार झाडांपैकी एक असं वागलं तरी चारांचा माल बियाळ होतो.

ही धास्ती नवी नाही. १८९३-९४ च्या इंग्रज सरकारच्या भांग-गांजा आयोगाच्या अहवालात बंगालमधल्या नौगाव भागातल्या 'पोद्दारां'चं वर्णन आहे. शेतात फिरून नर झाडं हेरायची आणि उपटायला लावायची, हा त्यांचा धंदा. त्यांना शेतकरी पैसे मोजायचे ते नर बाहेर ठेवण्यासाठी. आपण खिळा ठोकून तो घरात बोलावतोय.

बाकी शेंडा खुडणं, फांद्या वाकवून आडव्या बांधणं याला मी छळात धरत नाही. द्राक्षवाल्याला विचारा, तो याला वळण देणं म्हणेल. प्रकाश सगळ्या कळ्यांना सारखा मिळावा एवढाच त्याचा उद्देश, आणि वरच्या-खालच्या कळ्यांतला फरक त्याने कमी होतो हे इस्रायलच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. मात्र तेही फुलं धरण्याआधी.

संदेश पाठवणाऱ्या आमच्या एका मित्राने मला पुरावा म्हणून फोटो पाठवला: खोडात खिळा, वर पांढऱ्या चमकत्या कळ्या. मी विचारलं, याच आईझाडाची दुसरी फांदी लावून, तिला खिळा न मारता, शेजारी ठेवली होतीस का? वजन केलंस? दोन्हींचे नमुने तपासायला दिलेस?

"अरे, चारच तर झाडं लावता येतात," तो म्हणाला. "त्यातलं एक नुसतं फुकट कशाला घालवू?"