'कुणाच्याच मालकीचा नाही' म्हणे!

डिसेंबर आला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचला. मजकूर असा: दिग्दर्शक फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) हा सिनेमा सपशेल आपटला, त्याची कुणी दखलही घेतली नाही. एफबीआयने त्यावर बंदी घातली. शूटिंग खऱ्या बर्फात झालं. आणि १९७४ साली मालक कॉपीराइटचं नूतनीकरण करायला विसरले, म्हणून आज तो कुणाच्याच मालकीचा नाही, कुणीही बिनधास्त दाखवा.

ताईने तो वाचला आणि मंडळाच्या कार्यक्रमात तिकीट लावून सिनेमा दाखवायचं ठरवूनच टाकलं. मला फोन आला तो फक्त प्रोजेक्टर कुठला घेऊ हे विचारायला. म्हणून हा खटाटोप.

दखल घेतली नाही, हे धादांत खोटं. ऑस्करची ५ नामांकनं होती आणि त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता ही तिन्ही होती. काप्राला गोल्डन ग्लोब मिळालं. तोटा झाला हे खरं, कारण बनवायलाच ३० लाख डॉलरच्या वर खर्च आला होता. पण तोटा होणं वेगळं आणि कुणी ढुंकूनही न बघणं वेगळं.

बंदीची गोष्ट तर ऐकूनच हसू येतं. एफबीआयच्या १९४७च्या एका टिपणात एवढंच होतं की बँकवाल्याला खलनायक दाखवणं ही कम्युनिस्टांची नेहमीची चाल आहे. टिपण फायलीत पडून राहिलं, बंदीबिंदी काही आली नाही. आणि गंमत म्हणजे सिनेमाचा नायकसुद्धा लोकांना घरासाठी कर्ज देणारी संस्थाच चालवतो! टिपण लिहिणाऱ्याच्या ते लक्षात आलं नसावं.

आता मुख्य मुद्दा, कॉपीराइटचा, कारण ताईचे पैसे इथे बुडणार होते. अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा असे, मग नूतनीकरण करावं लागे. १९७४ला ते राहून गेलं. टीव्ही वाहिन्यांना आयताच सिनेमा मिळाला. प्रत्येक डिसेंबरात त्यांनी तो इतक्या वेळा लावला की विस्मृतीत गेलेला सिनेमा नाताळचा ठरलेला कार्यक्रम होऊन बसला. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण तो इथेच थांबतो, पुढची जवळपास वीस वर्षं गिळून.

हा सिनेमा फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांच्या एका छोट्या कथेवर बेतलेला आहे. कुणी प्रकाशक मिळेना, म्हणून त्यांनी १९४३मध्ये तिच्या २०० प्रती स्वतःच छापल्या आणि नाताळचं भेटकार्ड म्हणून ओळखीपाळखीत वाटल्या. सिनेमाचा हक्क संपला, कथेचा संपला नव्हता. १९९०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'स्टुअर्ट विरुद्ध अबेंड' या खटल्यात निकाल दिला की मूळ कथेचा हक्क ज्याच्याकडे आहे, त्याला डावलून तिच्यावरचा सिनेमा वापरता येत नाही. खटला 'रिअर विंडो' या दुसऱ्या सिनेमाचा होता. आणि त्यातला स्टुअर्ट कोण? दोन्ही सिनेमांचा नायक जेम्स स्टुअर्ट! तो हरला आणि त्याच निकालाच्या जोरावर त्याचा जुना सिनेमा पुन्हा कुलपात गेला. रिपब्लिक पिक्चर्स या चित्रपट कंपनीने १९९३मध्ये कथेचे आणि संगीताचे हक्क पुढे करून वाहिन्यांना फुकट दाखवणं बंद करायला लावलं. दुसऱ्याच वर्षी एनबीसीने रीतसर करार करून प्रसारणाचे हक्क घेतले. मोकळाच असता तर एवढ्या मोठ्या वाहिनीला करार करायची काय गरज पडली असती?

तेव्हा ताई, तिकीट लावायचं तर आधी परवाना. मंडळाच्या सेक्रेटरींनाही सांग, मेसेज पुरावा म्हणून चालत नाही.

राहिला बर्फ. शूटिंग १९४६च्या ऐन उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियात झालं. पूर्वी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स उधळायचे, पण पायाखाली ते असे कुरकुरायचे की संवाद नंतर डब करावे लागायचे. या सिनेमासाठी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी मिसळून बिनआवाजी बर्फ केला आणि अकादमीने त्याला तांत्रिक पुरस्कार दिला. पुलावरचा प्रसंग आला की स्टुअर्टचा चेहरा नीट बघ. भुरभुर बर्फ पडतोय आणि गडी घामाघूम झालाय.