परग्रहावर अलिप्त कसं राहावं?

राजेहो, तुमच्याकडे अंतराळयान आहे, त्यात शस्त्रं ठासून भरली आहेत आणि मनात मात्र कोणाचं वाईट करायचं नाही. उत्तम. आधी एक नियम लिहून घ्या: मागासलेल्या ग्रहाच्या नैसर्गिक विकासात ढवळाढवळ करायची नाही. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेवाल्यांनी १९६७ मध्येच तो पडद्यावर आणला. प्राइम डिरेक्टिव्ह म्हणतात त्याला. लिहिताना त्या ग्रहावरच्या कोणालाही बोलावू नका. असा काही नियम आहे, हेसुद्धा त्यांना कळता कामा नये.

मागासलेलं कोण, ते तुम्हीच ठरवा. प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं यान ज्याच्याकडे नाही, तो मागास. त्यांची गाणी, त्यांची तळी, म्हाताऱ्यांना ते कसं सांभाळतात, असलं काही मोजायच्या भानगडीत पडू नका.

मग लपून बघत बसा. डोंगराच्या कपारीत निरीक्षण केंद्र उभारा, बाहेरून खडक दिसला पाहिजे. १९८९ च्या एका भागात असं केंद्र उघडं पडलं आणि तिथल्या लोकांनी कप्तानालाच देव मानलं. कप्तान फार अस्वस्थ झाला बिचारा. दुसऱ्याच्या जमिनीत न विचारता बांधकाम करणं मात्र हस्तक्षेपात धरत नाहीत.

कोणी मरत असेल तर नियमाला जागा. १९९४ च्या भागात एका ग्रहाचं वातावरण नष्ट होतं आणि यानावरची मंडळी गंभीर चेहऱ्यानं पडद्यावर बघत राहतात. २००२ च्या भागात तर रोगी स्वतः मदत मागायला आलेले, डॉक्टरकडे औषध तयार, तरी दिलं नाही. काहून? तर त्यांच्या उत्क्रांतीत अडथळा नको!

यापुढचा सल्ला शांत डोक्यानं द्यायचा होता, पण गेल्या रविवारी नागपुरात, धरमपेठेतल्या एका व्याख्यानाला गेलो आणि डोकं फिरलं. वक्त्यांनी छान स्लाइडा दाखवल्या आणि म्हणाले, "इंग्रजांकडे हा नियम असता, तर आपण गुलाम झालोच नसतो." टाळ्या! मी हात वर केला. "प्रश्न शेवटी." शेवटी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे: आभारप्रदर्शन लांबलं आणि मग आलूबोंडे आले.

तर पुढचा सल्ला: ग्रहावर एक रेसिडेंट, म्हणजे राजाच्या दरबारात बसवलेला साहेबाचा प्रतिनिधी, नेमा. इंग्रजांकडे असले नियम पैशाला पासरी होते हो! तैनाती फौजेचं आश्वासनच ते: बाहेरचे व्यवहार आम्ही बघू, घरातला कारभार तुमचा. १८१६ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी त्या तहावर सही केली. फौज त्यांची, खर्च आपला. पुढच्याच वर्षी सीताबर्डीची लढाई झाली, १८१८ मध्ये आप्पासाहेब गादीवरून गेले, अल्पवयीन रघुजी तिसरे बसवले गेले आणि त्यांच्या नावानं राज्य हाकलं कोणी? रेसिडेंट जेंकिन्सनी. घरातला कारभार! १८५३ च्या डिसेंबरात रघुजी वारले, दत्तकाला मान्यता मिळाली नाही, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, वाड्यातले हत्ती-घोडे लिलावात निघाले आणि जवाहीर कलकत्त्याला गेलं. मग १८५८ चा राणीचा जाहीरनामा ऐका: आम्हाला राज्यविस्तार नको, तुमच्या धर्मात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. शब्द कसे पाहा, स्टारफ्लीटनं, म्हणजे मालिकेतल्या त्या यानांच्या आरमारानं, लिहिल्यासारखे! १८८५ मध्ये त्याच राणीच्या फौजा वरच्या ब्रह्मदेशात शिरल्या. सीताबर्डीच्या किल्ल्याखालून रोज गाडी काढणाऱ्या शहरात बसून, या लोकांकडे नियम नव्हता असं म्हणायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या?

'अंदमानात तर आपणही तेच करतो ना,' असं कोणी म्हणेल. बरोबर. १९५६ च्या नियमानं तिथल्या आदिवासींच्या भागात बाहेरच्यांना बंदी आहे, आणि तिथल्याच उत्तर सेंटिनेल बेटावर सरकारी पथकं नारळ घेऊन जायची, तेही नव्वदच्या दशकात थांबलं. मला ते पटतं. कारण तिथला 'नाही' आधी त्या लोकांनी म्हटला, बाण मारून म्हटला. आपला कायदा मागून आला. तरीही नकाशात ते बेट कोणाच्या रंगात आहे ते बघा, आणि तो रंग भरताना त्यांना कोणी विचारलं होतं का तेही बघा.

सल्लेबिल्ले पुरे. अहो, नियम फक्त ताकदवानाचा हात आवरतो, तोही त्याला वाटेल तोवर. मागास कोण, लायक कधी होणार, औषध द्यायचं का मरू द्यायचं, हे सगळं वरच्या यानातच ठरणार असेल तर खालच्यांच्या हातात काय राहिलं? घुसणारा कप्तान आणि न घुसणारा कप्तान, दोघांनीही त्यांना विचारलेलं नाही. आणि तुम्ही, इतिहासात पदव्या घेतलेले लोक, रेसिडेंट कोण होता ते विसरून अंतराळातल्या साहेबाच्या सभ्यपणावर भाळता! लाज वाटू द्या थोडी. मालिका जरूर बघा, मीही बघतो. पण कप्तान नियम वाचून दाखवायला लागला की, हा लिहिताना खालचं कोण हजर होतं, एवढं तरी विचारत जा.